आता तुझा एक

“फक्त हे कोपर राहिलं हो,” असं तो माणूस म्हणाला, तेव्हा मी त्या फोटोपासून हातभर अंतरावर निवलेल्या चहाचा कागदी कप धरून उभी होते, आणि ज्या कोपराबद्दल तो बोलत होता ते माझं होतं. हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचं वार्षिक प्रदर्शन होतं. वाचनालयाचा वरचा हॉल, भिंतींवर काळ्या चौकटी, आणि आमच्या ह्यांच्या वाट्याला आलेली खिडकीजवळची बऱ्यापैकी जागा. बोलणारा माणूस मंडळाचा परीक्षक. चष्मा कपाळावर चढवून तो फोटोच्या इतका जवळ गेला होता की मला वाटलं, आता वास घेतो. “बाकी अप्रतिम,” तो म्हणाला. “हा फुटपाथवरचा चष्मेवाला, जवळ आरसा नाही म्हणून वाटेने जाणाऱ्या बाईलाच ‘कसा दिसतो?’ विचारणारं हे गिऱ्हाईक, आणि तिचं ते बिचकून हसणं. सगळं जिथल्या तिथे आहे. पण डावीकडे हे कुणा बाईचं कोपर घुसलंय. प्रिंट करतानाच छाटायचं की.” आमचे हे लिफ्ट तपासतात, म्हणजे तीच त्यांची नोकरी. लिफ्टचा दोर बघताना मान तिरकी करतात तशी त्यांनी मान तिरकी केली, कोपराकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो ना. चुकून राहिलं.”

आता मी काही उठसूट मनाला लावून घेणारी बाई नाही. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करण्यात माझा जन्म गेला. महिनाभर खपून केलेली कवळी ‘ही घोड्याची वाटते’ म्हणून परत आलेली मी पाहिली आहे, आणि घोड्याच्या जागी माणूस दिसेपर्यंत ती मुकाट्याने घासली आहे. लोकांनी ठेवलेली नावं प्लास्टरच्या धुळीसारखी झटकायची सवय आहे मला. पण ‘चुकून राहिलं’ काही केल्या झटकलं जाईना. जिना उतरताना, बसमध्ये, घराचं कुलूप उघडताना ते आपलं डाव्या कोपराला चिकटून बरोबर येत होतं. घरी आल्यावर मी आरशासमोर हात वाकवून उभी राहिले. स्वतःचं कोपर स्वतःला धड दिसत नाही, करून बघा. एक सुरकुतलेला गोळा दिसतो, तो कुणाचाही असू शकतो. पण फोटोतल्या कोपरावर स्वेटरची बाही होती, आणि तो स्वेटर मला चांगला आठवत होता. निळा, मोठ्या बटणांचा. त्याच आठवड्यात घेतला होता आणि त्या रविवारी पहिल्यांदा घातला होता, कारण ह्यांनी निघताना म्हटलं होतं, “निळा घाल, फोटोत छान येईल.” कॅमेऱ्यात काळी-पांढरी फिल्म घालून ‘निळा छान येईल’ म्हणणारा हा माणूस, आणि ते ऐकून हरखणारी मी. दोघांपैकी जास्त येडं कोण, हे तुम्हीच ठरवा.

पण हे असं सांगितलं की त्यांनी मला फसवून रस्त्यावर उभं केलं असं वाटेल, आणि ते खरं नाही. ही युक्ती माझीच. लग्न नुकतं झालं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक हमाल पाठीवर मोठं लाकडी कपाट घेऊन चालला होता, आणि त्या कपाटाच्या दाराला आरसा होता. आरशात अख्खी गल्ली उलटी हलत होती. हे धावत पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. हमालाने कपाट उतरवून ठेवलं, अगदी हळू, आरसा फुटू नये अशा बेताने, आणि मग ह्यांची कॉलर धरली. “माझी गंमत वाटते काय रे? कुणाला दाखवणार आहेस?” ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना. लिफ्ट अडकली तर आत सापडलेल्या माणसांना हा माणूस तासभर धीर देत राहील, पण स्वतः सापडला की याची दातखीळ बसते. मी मधे पडले. “अहो दादा, सोडा त्यांना. तुमचा नाही, माझा काढत होते. नवीन लग्न झालंय आमचं.” मी लाजलेसुद्धा, आणि ते लाजणं काही खोटं नव्हतं. हमालाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, ह्यांची कॉलर सोडून ती सरळ केली आणि म्हणाला, “मग हिच्याकडे बघून काढ ना, बावळटा.” त्या दिवशी आम्ही घरी येईपर्यंत हसत होतो. त्यानंतर रविवारी मी बरोबर असायचीच. शेतातलं बुजगावणं पाखरं उडवायला असतं, मी ती बसती ठेवायला होते, एवढाच काय तो फरक.

रीत ठरून गेली होती. रस्त्याने जाताना ह्यांचे डोळे एकदम शांत झाले की मी समजायची, काहीतरी सापडलं. ते भुवई उडवून दाखवायचे, की मी त्या बाजूला पाठ करून उभी राहायची. “थोडी डावीकडे. अजून. हां, हस.” हे सगळं मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाईल असं. भिंगाचं तोंड माझ्या खांद्यावरून पलीकडे. खट्. “झाला!” हेही मोठ्याने. आणि मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, “आता तुझा एक.” परत खट्. ह्या दुसऱ्या ‘खट्’साठी मी एवढी वर्षं रविवारचं पांघरूण सकाळी लवकर सोडत आले. पहिल्या वेळचं हसू मी कामावर असल्यासारखं हसायची. ओठ किती उघडायचे, वरचे दात किती दाखवायचे, हे माझं रोजचंच काम. दुसऱ्या वेळी मात्र काही करावं लागायचं नाही. आता माझा, म्हटलं की ते आपोआप पोटातून वर यायचं. पुढे ते फोटो बघायला मागावेत असं मनात यायचं, नाही असं नाही. एकदा विचारलंही होतं. “आहेत की निगेटिव्हमध्ये,” हे म्हणाले, “सवड झाली की तुझे सगळे एकदम काढू.” मला ते पटलं. घरच्या माणसाचं काय, सवडीनेच होतं. सुताराच्या घरची खुर्ची डुगडुगतेच आणि आमच्या लॅबच्या मालकाच्या आईला निम्मे दात नाहीत.

आणि खरं सांगू? मला त्या उभं राहण्याचा कंटाळा कधीच आला नाही, कारण ह्यांचं तोंड जिकडे असायचं त्याच्या बरोबर उलट माझं. ते माझ्या मागचा अर्धा रस्ता टिपत होते, त्या वेळी त्यांच्या मागचा अर्धा रस्ता मी बघत होते. रस्त्यावर पांढरे पट्टे रंगवणारा माणूस पट्ट्यावर झोपलेल्या कुत्र्याला न उठवता त्याच्या भोवतीने रंगवून गेला, ते मी पाहिलं. चपलांच्या दुकानाबाहेर एक बाई कुणी बघत नाही ना हे पाहून नव्या बुटाच्या आत नाक घालून खोल श्वास घेत होती, ते मी पाहिलं. बायकोची पर्स सांभाळत उभा असलेला एक आडदांड गृहस्थ कंटाळून ती खांद्याला लावून बघत होता, मग दुसऱ्या खांद्याला. जेवताना मी हे सगळं ह्यांना सांगायची आणि ह्यांचा घास हातात राहायचा. “माझ्या मागे? मग सांगितलं का नाहीस?” “तुम्हीच म्हणालात, हलू नकोस.” ते खरोखर हळहळायचे, एखाद्याचं पाकीट हरवल्यावर हळहळावं तसे. दिवसभर बंद पेटीत वर-खाली करणाऱ्या माणसाला रस्त्याचं वेड लागलं तर त्यात नवल ते काय. मला त्यांचं ते वेड आवडायचं. एरवी ह्या माणसाला भाजीत मीठ नाही हेसुद्धा मी सांगितल्यावर कळतं. पण रस्त्यावर कुणी शिंक आवरतंय, कुणी जुन्या ओळखीच्याला चुकवायला पटकन दुकानात शिरतंय, हे त्यांना गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून दिसतं. अशा वेळी त्यांचा चेहरा असा काही मऊ होतो की त्या शिंकणाऱ्या माणसाचा मला हेवा वाटावा.

प्रदर्शनाहून आल्यावर मी घरातल्या भिंती बघितल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत. बैठकीच्या खोलीत माकडटोपी घातलेला वॉचमन आहे, पाईपवर वाळत घातलेले एकाच पायाचे मोजे आहेत, खिडकी पुसताना आतल्या माणसाशी भांडणारा पुसणारा आहे. आमच्या लग्नाचा फोटो स्टुडिओवाल्याने काढलेला. माझा एकटीचा म्हणाल तर ओळखपत्रावरचा, ज्यात मी नुकतीच दाढ काढून आल्यासारखी दिसते. बास. मी मुलीला फोन लावला. ती नोकरीनिमित्त दुसरीकडे असते, तिच्याशी बोलताना नेहमी पाठीमागे कुठलातरी मिक्सर चालू असतो. मी सगळं सांगितलं, परीक्षक, कोपर, चुकून राहिलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, “आई, तुला खरंच वाटत होतं बाबा तुझा काढतात?” “दुसरा माझा असायचा,” मी म्हटलं. “अगं, दुसरा कसला! मी शाळेत होते तेव्हा त्यांनी मलाही उभं केलं होतं ना तुझ्याऐवजी? मला तेव्हाच कळलं होतं. भिंग माझ्याकडे नसायचंच. म्हणून तर मी यायची बंद झाले.” मिक्सर थांबला. “मग मला सांगितलं का नाहीस?” “कशी सांगणार? तू इतकी छान हसायचीस त्या वेळी.” पोटच्या पोरीला आपली कीव आली होती, तीही ती दोन वेण्या घालत होती तेव्हापासून, हे ऐकून मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, “ठेवते, कुकर लावायचाय,” आणि कुकर न लावता बसून राहिले.

तरी माझा विश्वास बसला नव्हता. मुलगी बापावर खार खाऊन असते कधीकधी. म्हटलं, आपल्या डोळ्यांनी बघावं, एक तरी असेल. एवढ्या रविवारांत एक तरी. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, येताना माझं कामाचं भिंग पर्समध्ये टाकलं आणि भर दुपारी, खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलेलं असताना, ह्यांचं कपाट उघडलं. कपाटाला कुलूप नव्हतं, कधीच नसतं. आत बुटांचे खोके, त्यांवर साल घातलेलं, आणि खोक्यांत छापाचे कागद. फिल्म धुतली की तिच्या पट्ट्या एका कागदावर शेजारी शेजारी ठेवून जसेच्या तसे छोटे छोटे फोटो छापतात, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडे मोठे. त्यातला जो मोठा करायचा त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल. मी एक कागद उन्हात धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिल्याच ओळीत मला मी सापडले. म्हणजे माझा कान. कान, त्यातली ती बारीक कुडी आणि सुटलेली एक बट. त्याच्या शेजारच्या चौकोनात तोच कान, थोडा वर गेलेला, कारण हसलं की माझे कान वर जातात, असं लहानपणी भाऊ चिडवायचा. तर हा दुसरा. हा ‘आता तुझा’चा. त्यातही कानच.

मग मी कागदामागून कागद काढत गेले. दर वेळी जोडीच. पहिल्या फोटोत मागची माणसं सावध असतात. हात अर्धवट थांबलेला, नजर कडेने कॅमेऱ्याकडे, पोट आत ओढलेलं. दुसऱ्यात तीच माणसं सुटलेली. ‘झाला’ ऐकलेलं असतं ना त्यांनी. त्या बाईचा फोटो काढून झाला, आता आपण मोकळे. चष्मेवाल्याचं गिऱ्हाईक पहिल्या फोटोत चष्मा हातात धरून नुसतं उभं आहे. दुसऱ्यात तो चष्मा घालून त्या बाईला विचारतंय. लाल गोल दुसऱ्याभोवती. सगळीकडे दुसऱ्याभोवतीच. मी पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. मोठ्याने म्हटलेलं ‘झाला’ त्यांच्यासाठी होतं. हळू म्हटलेलं ‘आता तुझा एक’ हे, मी जागेवरून हलू नये म्हणून, माझ्यासाठी होतं. मागचे लोक आणि मी, आम्ही सगळे एकाच वेळी फसत होतो आणि तेवढ्यात हे आपलं काम उरकत होते. बाकी कुठे माझी पर्स, कुठे पर्सचा नुसता पट्टा, कुठे धुरकट झालेला गालाचा तुकडा, कुठे केसांतली पिन. हे सगळे तुकडे एकत्र केले तरी त्यातून एक बाई उभी राहिली नसती. तोंड तर कुठेच नव्हतं. जन्मभर लोकांची तोंडं दुरुस्त करणाऱ्या बाईचं तोंड नव्हतं.

मला राग आला. खूप आला. वाटलं, हे खोके उचलावेत आणि ह्यांच्याच एखाद्या लिफ्टच्या खड्ड्यात टाकून द्यावेत. पण सांगायची लाज वाटते, ते फोटो फार सुंदर होते. मला शोधता शोधता मी मलाच विसरले. ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं तरी मी बघतच होते. भाड्याच्या सायकलवर पहिल्यांदा तोल सावरलेला म्हातारा. बँकेच्या पायरीवर बसून एकमेकींच्या चपला घालून बघणाऱ्या दोघी. फोनवर कुणालातरी मोठमोठ्याने समजावत असलेला आणि दुसऱ्या हाताने भिंतीचा पोपडा सोलणारा एकजण. हे सगळं माझ्या पाठीमागे, दोन पावलांवर घडलं होतं, आणि तिथली मी, तिथेच असून, ते आत्ता पहिल्यांदा बघत होते. ह्या माणसांपैकी एकालाही माहीत नाही की त्यांना कुणी इतक्या प्रेमाने पाहिलं होतं. हे प्रेम होतं, त्यात शंका नाही. भिंगातून एकेक चेहरा बघताना ते कळतच होतं. फक्त त्याचा रोख माझ्या खांद्यावरून पलीकडे होता, इंच दोन इंच.

हे कामावरून आले तेव्हा कागद पलंगभर पसरलेले होते. त्यांनी बूट काढले, डबा ओट्यावर ठेवला, खोलीच्या दारात आले आणि आधी म्हणाले, “बोटांचे ठसे उमटतात गं त्यावर, कडेने धर.” मी कडेने धरला. म्हटलं, “माझा कुठला?” “कसला?” “आता तुझा एक म्हणायचात ना? तो.” ते उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, हात कोरडेच होते ते पुसले. “तुला माहीतच होतं की,” ते म्हणाले. “आपलं ठरलंच होतं तसं.” “पहिल्याचं ठरलं होतं. दुसऱ्याचं कधी ठरलं?” त्यावर काही बोलले नाहीत. हे न बोलणं माझ्या ओळखीचं आहे, कॉलर धरल्यावरचं. मी म्हटलं, “एक तरी काढायचा होता. चुकून.” मग ते पलंगाच्या कडेला, कागदांना धक्का न लावता, बसले आणि अगदी साधेपणाने, समजावून सांगावं तसं म्हणाले, “अगं, ही माणसं पुन्हा दिसत नाहीत. त्या क्षणी नाही घेतलं तर गेलंच. तू काय, रोज दिसतेस. तुझा कधीही काढता आला असता.” “मग काढला का नाहीत?” “तेच,” ते म्हणाले. “कधीही काढता आला असता.” त्यांना हे उत्तर वाटत होतं. त्यांचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला ओरडताही येईना. मग, विचारलं नसताना, ते म्हणाले, “आणि त्या दुसऱ्या वेळी तू हसायचीस ना, ते पाठीमागूनही कळायचं, त्यामुळे मागचे लोक सैल व्हायचे. नुसत्या ‘झाला’ने होत नाही ते. तू खरं हसायचीस.” “तुम्हाला काय माहीत? तुम्ही बघत तरी होतात का?” “नव्हतो,” ते म्हणाले, “पण त्यांच्या तोंडावर दिसायचं.” मी सगळे कागद गोळा केले, कडेने धरून, सालाप्रमाणे खोक्यांत भरले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावलं तरी सांगणार कुणाला. रात्री आम्ही दोघं जेवलो, बातम्या ऐकल्या, आणि मीठ कमी आहे हे मी सांगितलं नाही.

तो आठवडा असा गेला की लॅबमध्ये मी एका बाईच्या कवळीला दुसऱ्या बाईचे दात बसवले. डॉक्टरांचा फोन आला, मालक बोलले, मी निमूट ऐकून घेतलं. मनात एकच चाललं होतं. मला काय हवं होतं नक्की? भिंतीवर लावायला फोटो? तो तर कोपऱ्यावरच्या स्टुडिओतही निघतो. मागे पडदा, बाजूला खोटी फुलं, हनुवटी जरा वर. मला तो नको होता. वॉचमनकडे, मोज्यांकडे, पोपडा सोलणाऱ्या माणसाकडे हे ज्या डोळ्यांनी बघतात, त्या डोळ्यांनी मला एकदा बघायला हवं होतं. आणि ती गोष्ट मागून मिळत नाही, मागितली की मागच्या माणसांसारखं पोट आत ओढलं जातं. शनिवारी मी ठरवलं, आता जायचं नाही. रविवारी सकाळी हे कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून दारात उभे राहिले. एरवी ‘चल’ म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, “येतेस?” मी चपला घातल्या. घरात बसून काय करणार होते, भिंतीवरच्या वॉचमनशी बोलणार होते? आणि रस्ता त्यांना एकट्यालाच आवडतो असं थोडंच आहे.

निघालो. ऊन चांगलं होतं, दुकानं नुकती उघडत होती. सार्वजनिक नळाच्या पुढे, एका बंद दुकानाच्या पायरीवर, किल्ल्या करणाऱ्याची टपरी आहे. टपरी कसली, एक टेबल, एक मशीन आणि तारेत ओवलेल्या शेकडो किल्ल्या. तिथे पायरीवर एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. घरातला गाऊन, पायांत दोन वेगवेगळ्या सपाता आणि डोक्याला गुंडाळलेला मोठा पिवळा टॉवेल. कपाळावरून शाम्पूचा ओघळ येत होता तो ती बोटाने निपटत होती. डोकं धुताना कशाला तरी दार उघडून बाहेर आली असणार आणि मागे दार लागलं असणार. किल्लीवाला तिच्या कुलपाचं माप घेऊन कानशीने किल्ली घासत होता, आणि त्याचाच चहाचा पेला तिच्या हातात होता, आणि ती जगात काहीच घाई नसल्यासारखी तो फुंकून फुंकून पीत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळे शांत झाले होते. भुवई उडाली, मग त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं आणि ते दुसरीकडे बघू लागले. मीच जाऊन उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून. सवय हो, दुसरं काय. “थोडी डावीकडे,” ते म्हणाले, जरा खालच्या आवाजात. “हां.” हस म्हणाले नाहीत. खट्. “झाला!” आणि पुढचं, ते हळूचं, त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं आणि तिथेच थांबलं. बोट बटणावर, भिंग माझ्या खांद्यावरून पलीकडे. मी वळले. त्यांच्याकडे पाठ केली आणि त्या बाईला म्हटलं, “बाई, तुमचा काढतायत हं.”

“अगंबाई!” तिने पेला खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टॉवेल धरला. “ह्या अवतारात? कशाला?” “आवडलात त्यांना,” मी म्हटलं. “माझेच मिस्टर आहेत. वाईट मनाचे नाहीत, त्यांना असंच आवडतं.” किल्लीवाल्याने केसांवरून हात फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि कानस हातात अशी धरली की जन्मात कुणी अशी धरून किल्ली घासली नसेल. झालं, फोटोचा निकाल लागला. मागून ह्यांचा आवाज आला, “घालवलंस!” आणि तो खराच कळवळलेला होता. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. ती बाई माझ्याकडे बघून हसायला लागली. खालच्या ओळीतला एक दात नव्हता, आणि तिला त्याचं काही नव्हतं. “मग तुम्हीही या,” ती म्हणाली. “मी एकटी नाही बसणार बाई टॉवेल गुंडाळून, उद्या कुठे छापून आलं तर?” ती पायरीवर सरकली. मी जाऊन बसले. दगड गार होता. आमचे गुडघे एकमेकींना लागत होते, तिच्या केसांतून पाणी माझ्या खांद्यावर ठिबकत होतं, आणि समोर हे उभे होते, कॅमेरा छातीशी. मला वाटलं, आता निघून जातील. ह्याहून बऱ्या फोटोंवर पाठ फिरवून गेलेले आहेत ते. पण त्यांनी कॅमेरा वर घेतला.

भिंगाचं तोंड आधी त्या बाईकडे होतं. मग ते सरकलं, थोडं, आणि थांबलं. कॅमेऱ्याच्या त्या काळ्या गोलात मी इतक्या वेळा बघितलं होतं, तरी तो सरळ माझ्यावर रोखला की कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं. माझं हसू आलं, ते पोटातलं, आणि मी ते आवरलं. ह्यांची बोटं भिंगावरचं कडं फिरवत होती, पुढे, मागे, पुन्हा पुढे. रस्त्यावरून धावणाऱ्या माणसावर जे बोट चुकत नाही, त्याला पायरीवर बसलेली बाई सापडेना. “अहो, किल्ली झालीसुद्धा, काढा की,” किल्लीवाला म्हणाला. ह्यांनी कॅमेरा खाली घेतला, परत वर घेतला. “तशी नको,” ते मला म्हणाले. “म्हणजे, उभं राहिल्यावर बसवतेस तसं तोंड नको. एरवी असतेस ना, घरी, तशी.”

“एरवी कशी असते मी?”

त्यांनी तोंड उघडलं. शोधत होते ते, मला दिसत होतं, खरंच मनापासून शोधत होते, आणि त्यांना काही सापडत नव्हतं. मग त्यांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला. टॉवेलवाल्या बाईने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून पेला परत उचलला. “सांग ना,” ते म्हणाले, आणि ते अगदी हळू होतं, मागच्या कुणाला ऐकू जाऊ नये असं. “कशी असतेस?”

“मला काय विचारता?” मी म्हटलं. “मी कधी पाहिलंय? तुम्ही बघा. मी बसलेय इथे.”